बिनमजुरीचं विमान

दुर्गाप्रसाद पटलेला विमानातून काय मिळणार होतं, ते आधी पाहून घेऊ. माणूस हिशोबी आहे. त्याची गोष्टही हिशोबानंच सुरू झालेली बरी.

एक तर तिरोड्याचा थोरला भाऊ नंदलाल गप्प बसला असता. घराण्यात पहिली जीप नंदलालची, पहिला एसी नंदलालचा, आणि दर दिवाळीला धाकट्याला एकच प्रश्न: "का गा, तुमच्या सौंदडले काय नवीन?" दुसरं, सासुरवाडीचे गप्प बसले असते. तुलसाबाईंचं माहेर कामठ्याचं. तिथे शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात, आणि मेहुणे अशा थाटात वर बघतात की जणू त्यांनीच सोडलीत. तिसरं आणि सगळ्यांत मोठं म्हणजे हिमांशुचा नकाशा.

हिमांशु नागपूरचा. हौशी लोकांनी घरी बांधलेली विमानं देशात कुठं कुठं आहेत आणि कोणाची आहेत, याचा तो नकाशा करत होता. विमान असेल तिथं ठिपका, ठिपक्याशेजारी मालकाचं नाव. दिल्लीला परवानगीसाठी जाणारी फाइलही त्याचीच मंडळी भरून देत, आणि फाइलीत मालक नसेल तर विमान जमिनीवरच. तांदूळ न्यायला आलेल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यासोबत तो एकदा दुर्गाप्रसादच्या गिरणीवर आला होता, तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडून सगळं समजावलं होतं.

"प्रत्येक भागाचा एक नमुना असतो, काका. कुठं परदेशातून परतलेले मेकॅनिक, कुठं पोरांना कॅनडाला पाठवून रिकामे झालेले बाप, कुठं रिटायर्ड इंजिनिअर. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. मालक एकटा, पुरुष, पन्नाशीच्या पुढचा, आणि त्याच्याकडे मोठी शेड."

दुर्गाप्रसादनं आपल्या शेडकडे पाहिलं. वय तर होतंच.

"आणि आपला गोंदिया जिल्हा?"

"कोरा."

त्या कोऱ्या जागेत ठिपका पाडायचाच, असं दुर्गाप्रसादनं त्याच दिवशी ठरवलं.

बांधणारी माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. गावातलीच नीतू गहाणे विमानाच्या देखभालीचा कोर्स करून चार वर्षं हैदराबादला राहून आली होती आणि तिथल्या साहेबाशी भांडून परतली होती. काय भांडण, ते तिनं सांगितलं नाही; भांडणाचा आवाज मात्र अजून तिच्या घशात शिल्लक होता. दुर्गाप्रसादनं तिला महिन्याचा पगार ठरवून दिला. एका माणसाचं, पंखांवर कापड ताणलेलं, लाकडी सांगाड्याचं छोटं विमान. आराखडे आले, लाकूड आलं, बाहेरून इंजिन आलं. मग नीतूनं मजुरीचा अंदाज काढून दिला आणि दुर्गाप्रसादचा चेहरा आंबील प्यायल्यासारखा झाला.

"मजुरी कायले?" तो गिरणीच्या अंगणात, जमलेल्या लोकांसमोरच म्हणाला. "अरे भाई, गावात विमान बनून राहिलं! हात लावाले भेटते, हेच लोकाईचं नशीब."

लोकांत सुशिलाबाई कापगते होती. ती इथली पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या खाचरात, कधी सोडायचं, हे ती ठरवते. नवरा गेल्यावर ते काम तिनं स्वतःकडे घेतलं, आणि ते काढून घ्यायला आलेले दोन-तीन पुरुष तिच्या आवाजानंच परत गेले.

"म्हंजे मजुरी नाही न, सेठजी?" तिनं विचारलं.

"एक पैसा नाही."

"पक्कं?"

"पक्कं! चहा देईन."

"चहाची हरकत नाही जी. पाळीवर बी चहा रायतेच." आणि ती बायकांकडे वळली. "चाला वो मंग."

इथं दुर्गाप्रसादचा हिशोब चुकला, आणि तो चुकला हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं, एकट्या त्याला सोडून. हा भाग कोहळी समाजाचा. तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधले. आजही उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायला गाव निघतं. जो बिनमजुरीनं टोपलं उचलतो, त्याची पाण्याची पाळी लागते. जो मजुरी घेतो, त्याचा विषय मजुरीतच संपतो. त्याचा पाण्यावर हक्क नाही. दुर्गाप्रसाद जातीनं पोवार, तिरोड्याकडून येऊन गिरणी टाकलेला, बोअरवेलवर धान पिकवणारा. वीस वर्षांत तो पाळीवर एकदाही गेला नव्हता. त्याला वाटत असेल, पाळीवर भजनासारखं काहीतरी असतं.

दर रविवारी चाललेलं काम मात्र झकास झालं. सुतार बकारामनं पंखाच्या बरगड्या इतक्या हलक्या केल्या की हातात घेतल्यावर माणूस वजन शोधत बसे. बायकांनी मेणाच्या दोऱ्यानं बरगड्यांवर कापड शिवलं. नीतू मागून फिरायची आणि टाका वाकडा दिसला की उसवायची.

"दिसून नाही राहिला का, काकू? हे लुगडं नोहे."

"लुगड्याले एवढे टाके घातले असते तं नवरा पळून नसता गेला," असं उत्तर यायचं, आणि शेड हसायची.

हळूहळू तुलसाबाईही चहा घेऊन यायच्या त्या सुई घेऊन बसू लागल्या. दुर्गाप्रसादला बरं वाटलं. आपली बायको फुकट राबते, यात कोणत्या हिशोबी माणसाला वाईट वाटेल?

दीडेक वर्षानं विमान उभं राहिलं. पिवळं, नाकाशी जरा बसकं. इंजिन सुरू झालं तेव्हा शेडमधला कोंडा छपरापर्यंत उडाला. दुर्गाप्रसादनं हिमांशुला फोन केला.

हिमांशु आला, विमानाभोवती तीनदा फिरला, फोटो काढले आणि खुर्चीवर लॅपटॉप ठेवून म्हणाला, "चला, मालकाचं नाव सांगा."

"दुर्गाप्रसाद—"

"थांबा जी," सुशिलाबाई म्हणाली. "लिवून घ्या, सर. छत्तीस जन हाओत. बकारामपासून सुरू करा, तो पयल्या दिवशी आला होता."

हिमांशु हसला. मग आणखी कोणीच हसत नाही हे पाहून थांबला.

"बाई, मदत करणारे वेगळे, मालक वेगळा."

"मदत तं शेजाऱ्याले करतेत. आमी बिनमजुरीनं हात लावला. सेठजीले इचारलं बी होतं. सगळ्याईसमोर. पक्कं म्हनले."

दुर्गाप्रसाद लालेलाल झाला. रागावला की तो पोवारी बोलीवर यायचा. "मोरो इंजन! मोरो पैसा! मोरो विमान!"

"इंजिन तुमचंच," सुशिलाबाई म्हणाली. "आमी कुठं नाही म्हनतो? आन तुमाले बी वाटा भेटते. या, एक दिस हात लावा. नंबर लागते."

"माझ्या विमानात माझा नंबर लागते?"

"पाळीवर पाटलाचा बी लागते जी."

हिमांशुनं मधेच सांगितलं की त्याच्या नकाशात एका ठिपक्याला एकच नाव बसतं. फाइलीतही प्रमुख मालक एक लागतो. हा नियम दिल्लीचा आहे, त्याचा नाही.

"मंग आमचा नियम दिल्लीले कळवा," बकाराम म्हणाला.

दुर्गाप्रसाद व्यवहारात मुरलेला. चूक कुठं झाली ते आता त्याच्या ध्यानात आलं, आणि दुरुस्तीही. तो आत गेला, गल्ल्यातून नोटा काढल्या आणि तांदळाच्या पावत्यांच्या पाकिटांत भरून बाहेर आणल्या.

"घ्या. झाली मजुरी. चालू रेटपेक्षा जास्त देऊन राहिलो. हिमांशु, बघून घे, साक्षीला आहेस."

पाकीट आधी बकारामसमोर गेलं. बकारामच्या घराचं छप्पर मागच्या वादळात उडालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पाकीट आधी त्याच्यापुढे का गेलं, तेही. त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"काऊन रे? पैसे कडू लागून राहिले?"

"गोड हायेत, सेठजी. म्हनून हात मागे ठेवले."

पाकीट पुढे सरकलं. रेल्वे फाटकावरचा केवळराम म्हणाला, "मी सरकारचा पगार घेतो, दुसऱ्याचा नाही चालत." एका म्हातारीनं पाकीट हातात घेतलं, वजन पाहिलं, आणि परत देताना म्हणाली, "एवढ्यात इकू का आपली पाळी?" असं करत करत पाकिटं सगळ्या रांगेतून फिरली आणि होती तितकीच परत आली. शेवटी दुर्गाप्रसाद तुलसाबाईंसमोर उभा राहिला.

"चल, तू तर घरची. तुझा वाटा म्हणजे माझा वाटा."

"टाके तुमी घातले का?" तुलसाबाई म्हणाल्या.

"अगं पण—"

"बोटं माझी भोसकली. वाटा माझा हाय, घराचा नाही. आन ते पाकीट आत ठेवा, किराण्याचे पैसे हायेत त्यात."

शेड हसली. हसायला नको होतं, असं मागाहून दोघातिघांना वाटलं. कारण त्या हसण्यानंतर दुर्गाप्रसादकडे माघार घ्यायची वाट उरली नाही.

"ठीक आहे," तो शांतपणे म्हणाला. "इंजिन काढा. चाकं काढा. नाकावरचा पंखा काढा. कापड माझं, लाकूड माझं, तेही काढा."

"काढा न," सुशिलाबाई म्हणाली. "तुमचं कापड घेऊन जा. आमचे टाके तेवढे ठेवून जा."

बकाराम म्हणाला, "आन लाकूड न्या, पन माझा रंधा जिथं फिरला तेवढं सोडून."

दुर्गाप्रसादनं पंखावरून एकदा हात फिरवला, शिवण शोधत असल्यासारखा. मग गिरणीच्या मिस्त्रीला फक्त इंजिनाकडे बोट दाखवलं. बोल्ट सुटेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. चाकं गेली, पंखाही गेला. सांगाडा पोत्यांच्या थप्पीवर टेकवून ठेवला, तेव्हा तो एकाएकी फार हलका दिसला.

मग दुर्गाप्रसाद नीतूकडे वळला. "नवीन बांधू. मजूर लावून, रोजी देऊन. तुझा पगार दीडपट. आणि उडवायला शिकवून पहिलं उड्डाण तुझंच, कागदावर लिहून देतो."

हे ऐकून शेडमध्ये चुळबुळ झाली. कारण ती गोष्ट सगळे इतका वेळ टाळत होते. सगळ्यांत जास्त बांधलं नीतूनं. आणि पगार घेतलेली तेवढी एकटीच. छत्तिसांत ती नव्हती. सुशिलाबाईच्या नियमानं ती मजूर होती, विषय संपलेली.

"माझा वाटा नाही यात," नीतू सुशिलाबाईकडे बघत म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"नाही वो, पोरी," सुशिलाबाई म्हणाली. नियम तिनं वाकवला नाही. "तुयासाठी मोडला, तं उद्या सेठजीसाठी बी मोडावा लागंल."

"आन आजपासून बिनपगारी केलं तं?"

"आजपासून लागंल. शेवटी. सदतिसावा."

दुर्गाप्रसाद हसला. "इंजिन नसलेल्या विमानात सदतिसावा नंबर! हैदराबादेत हेच शिकली का?"

"हैदराबादले साहेबानं माझ्या कामाखाली आपली सही केली होती," नीतू म्हणाली. एवढंच ते भांडण होतं. तिनं कमरेचा पाना काढून पोत्यावर ठेवला, कारण पाना गिरणीचा होता, आणि सांगाड्याच्या शेपटीखाली खांदा दिला. "उचला न वो काकू. बघून काय राहिल्या?"

बाकीच्यांनी पंखाखाली हात घातले. विमान गिरणीच्या फाटकातून आडवं निघेना, म्हणून तिरपं केलं. एक पंख वर, एक खाली, वळण घेत असल्यासारखं. हमरस्त्यावर दोन्हीकडचे ट्रक थांबले. एका ड्रायव्हरनं खिडकीतून ओरडून विचारलं, "ए मौसी, ये किसका है?" आणि बायकांनी एका दमात उत्तर दिलं, "हमारा!" ट्रकवाल्याला ते पटलं. पुन्हा विचारायला फक्त हिमांशु उरला होता.

तो लॅपटॉप काखेत घेऊन मागून चालत आला. "बाई, निदान तुमचं एकटीचं नाव लिहितो. तात्पुरतं. ठिपका तरी पडेल."

"एकाचं लिवाचं असतं तं सेठजीचं काय वाईट होतं?"

"मग गोंदिया कोराच राहील."

"राहू द्या. कोरा तं कोरा. तुमच्या नकाशाले जागा कमी पडली, आमी काय करू?"

विमान आता तलावापाशी, जुन्या धान्यकोठीच्या छपराखाली आहे.

आता भरणा, म्हणजे कोणी काय भरलं ते. दुर्गाप्रसादनं लाकूड, कापड, चहा आणि नीतूचा पगार भरला. त्याबदल्यात त्याच्याकडे ताडपत्रीखालचं एक इंजिन आहे, जे एकटं काही उडत नाही. बकारामनं छपराचे पैसे भरले. पाऊस अजून आत येतो. उरलेल्यांनी आपापले रविवार भरले, आणि इंजिनासाठी या हंगामापासून प्रत्येकी एक कट्टा, म्हणजे एक पोतं, धान भरायचं ठरवलंय. तुलसाबाईंनी घरातली बोलचाल भरली. अजून बंद आहे. हिमांशुनं नागपूरपर्यंतचं पेट्रोल भरलं. नीतूनं दीडपट पगार आणि पहिलं उड्डाण, दोन्ही भरलं, आणि त्याची पावती कोणाकडूनच घेतली नाही.