बुरुलचा हातगुण

“एजे, तुम्हालाही दिसतंय ना? का मलाच वेड लागलंय?” जुमाशने नाशपातीची फांदी खाली ओढून धरली.

बुरुलला दिसत होते. कोवळा शेंडा मान मोडल्यासारखा लोंबत होता. पाने काळी पडली होती, पण गळाली नव्हती. सालीवर मधाच्या रंगाचा चिकट थेंब होता. तीन आठवड्यांपूर्वी बहिणीच्या गावी नाशपाती छाटताना असाच थेंब तिच्या चाकूला लागला होता आणि तिने तो रुमालाने पुसून टाकला होता.

“थंडीनं असेल,” ती म्हणाली.

“मे महिना लागला, एजे! कुठली थंडी?”

सरोवराकाठच्या या गावात बुरुल अठ्ठावीस वर्षे झाडे छाटत होती, कलमे बांधत होती. गावाने तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, करून टाकले होते. तिच्या हातगुणाचा एवढा बोलबाला, की नव्या बागेला पहिला चाकू तिचाच लागायचा. एवढे कौतुक झाले की माणूस चढतोच. बुरुलही चढली होती.

चाकूला विस्तव दाखवायचा नाही, घराची बरकत जाते, हे तिला आईने शिकवलेले. गेल्या वर्षी झाडांची डॉक्टर आयचुरोक सांगायला आली होती, की प्रत्येक झाडानंतर पाते ज्योतीवर धरा, नाहीतर व्होडकात बुडवा. “विस्तव नको ग बाई,” बुरुल म्हणाली होती, “आणि व्होडका आमच्या ह्यांनी जाताना शिल्लक ठेवली नाही!” सगळी बाग हसली होती. आयचुरोकही हसली होती, जरा कमी.

आज दुपारी तीच आयचुरोक आली. फांदी पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“करपा आहे. जिवाणूंचा,” ती म्हणाली. “नाशपातीवर थांबणार नाही. परवा सफरचंद फुलेल, मग फुलाफुलातून शिरेल.”

“मग औषध मार ना!” जुमाश म्हणाला.

“आणलंय. ह्या पुड्यांत चांगले जिवाणू आहेत. किमिझला आपण विरजण लावतो ना, तसंच समजा. चांगलं विरजण फुलात आधी जाऊन बसलं, की वाइटाला जागा उरत नाही. पण पुड्या सहाच बागांना पुरतील आणि त्या बागा निरोगी हव्यात. जिथं रोग शिरलाय तिथं आधी फांद्या कापून जाळाव्या लागतील. तो आला कुठून आणि गेला कुठं, ते कळल्याशिवाय मी फवारू कुठं?”

घोडीचे दूध कधी विरजते आणि कधी नासते, हे बुरुलला कुणी शिकवायला नको होते. तिला सगळे एका क्षणात कळले आणि पाचावर धारण बसली. बहिणीकडून आल्यावर तिने अकरा बागा छाटल्या होत्या, त्याच चाकूने.

लाज मागून आली, आधी भीतीच वाटली. अकरा घरांची वर्षाची भाकरी त्या झाडांवर होती. आणि ती स्वतः? हातगुण गेलेल्या एकसष्ट वर्षांच्या विधवेला बागेत कोण बोलावणार? गप्प बसले तर कुणाला कळणार होते?

“मधमाश्यांनी आणलं असणार,” जुमाश एकदम म्हणाला. “त्या शेजारच्या सापाराच्या पेट्या! किती वेळा सांगितलं त्याला, लांब ठेव म्हणून. आज पेटवूनच देतो!” तो रॉकेलचा डबा घेऊन निघालासुद्धा.

“थांब रे,” बुरुल म्हणाली. “माश्या नाहीत. मी आणलंय. माझ्या चाकूनं.”

जुमाश वळला. त्याला ऐकलेले खरे वाटेना. “एजे, तुम्ही?”

बुरुलने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तिने आयचुरोकला अकरा बागांची नावे छाटल्याच्या क्रमाने, एका दमात सांगितली. सगळ्यांत पहिली जुमाशचीच होती. आयचुरोकने लिहून घेतले.

“तुम्ही घरी जा, एजे. मी सांगते त्यांना.”

“छाटायला मी गेले होते, सांगायलाही मीच जाणार.”

दोघी फाटकाफाटकाशी थांबत गेल्या. बुरुल सांगायची, “फांद्या कापा, काळ्या भागाच्या वीतभर खालून. माझ्याकडून चूक झाली.” कुणी ओरडले, कुणी करवत आणायला वळले.

अकरांतले दहावे घर तुर्सुनायचे. तिने सगळे ऐकले आणि मान हलवली. या गावात घाईने फाटकावरून परत जाणाऱ्यालाही नानचा एक तुकडा मोडायला लावतात, त्याशिवाय पाऊल उचलू देत नाहीत. तुर्सुनायने फाटक हळूच लावून घेतले.

सवयीने बुरुल क्षणभर तिथेच उभी राहिली. मग तिने आयचुरोकला म्हटले, “चल, अजून एक राहिलंय.”