श्री खोडलेलं पान

केमिस्ट्रीत एकसष्ट.

मोबाइलवर आकडा दिसला तेव्हा मी आधी नाव बघितलं. हरिता टी. मीच, फोटोसकट. गणितात अठ्ठ्याण्णव, फिजिक्समध्ये पंच्याण्णव, आणि त्यांच्या शेजारी हे एकसष्ट, लग्नात आगंतुक येऊन बसावा तसं. आमच्या तमिळनाडूत इंजिनियरिंगसाठी वेगळी परीक्षा नसते. बारावीच्या मार्कांवरूनच कट-ऑफ काढतात: गणित अख्खं, फिजिक्स-केमिस्ट्री निम्मं निम्मं, एकूण दोनशेपैकी. मी एकशे त्र्याण्णवच्या आशेवर होते. निघाला एकशे शहात्तर. सतरा मार्क गेले म्हणजे काय गेलं, ते तंजावूरच्या बस स्टँडवरचा कॉफीवालासुद्धा सांगेल. चेन्नईचं सरकारी कॉलेज गेलं. लहानपणापासून मी दुसरं कोणतंही नाव घेतलं नव्हतं.

आई गप्प बसली. अप्पा मात्र बसणाऱ्यांतले नव्हेत. माझ्या अप्पांचं, तुकोजींचं, ड्रायव्हिंग स्कूल आहे. दोन गाड्या, आणि दोन्हींत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक. पंचवीस वर्षं तो ब्रेक दाबून त्यांना अशी सवय लागलीय की घरात कोणी काही भलतं बोललं तरी त्यांचा पाय फरशीवर दाबला जातो. त्या दिवशी तो दोनदा दाबला गेला. मग म्हणाले, मोजणीत चूक झाली आहे, उद्याच शाळेत जाऊन स्कॅन कॉपीला अर्ज घालू. पैसे भरले की बोर्ड आपल्या पेपरचे फोटो पाठवतं, ते बघून फेरमोजणी मागता येते. दुसऱ्या कोणत्याही मुलीला बरं वाटलं असतं.

माझी पाचावर धारण बसली. त्या पेपरच्या पहिल्या पानावर काय आहे ते फक्त मला माहीत होतं.

आमच्या घरात कोणताही कागद कोरा सुरू होत नाही. वर मधोमध श्री काढायचा, मग पुढचं. किराण्याची यादी असो, गाडी शिकायला येणाऱ्यांची हजेरी कार्डं असोत. गंमत अशी की अप्पांना देवनागरी वाचता येत नाही. मलाही नाही. पिढ्यान्पिढ्या तंजावूरात राहूनही घरात आम्ही मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं. हे एवढं एकच अक्षर अप्पांना त्यांच्या अप्पांनी हात धरून शिकवलं आणि अप्पांनी मला. शिकवताना म्हणाले होते, "श्री घातला की भ्यायचं नाही." मी जन्माची भित्री, त्यामुळे मला ते फार पटलं. चौथीपासून माझा एकही पेपर श्रीशिवाय गेला नाही.

बोर्डाचेही नाहीत. तमिळ, इंग्रजी, गणित, फिजिक्स, सगळ्यांवर श्री. केमिस्ट्रीच्या दिवशीही पेपर हातात आला आणि हात आपोआप चालला. आधीच्या पेपरांना हॉलमधल्या मॅडम सूचना भराभरा म्हणून टाकायच्या, कोणी ऐकत नसे. त्या दिवशीच्या मॅडम नव्या होत्या. त्यांनी एकेक ओळ वाचली. नाव लिहायचं नाही, नंबर लिहायचा नाही, देवाचं नाव नाही, कोणतीही खूण नाही. खूण म्हणजे तपासणाऱ्याला ओळख देणं, आणि त्याला शिक्षा आहे.

शेजारची साईप्रिया, तिच्याही घरी कागदावर गणपतीची छोटी खूण काढतात, तिने ती बोटाने बाकावर काढली आणि हात जोडले. शहाणी. माझा श्री शाईत होता. तिची खूण तरी इथल्या कोणत्याही मास्तरला ओळखू आली असती. माझं हे वाकडंतिकडं अक्षर बघून तो काय समजणार? कोणाला तरी दिलेला इशाराच समजणार.

मी खोडला. खोडून बघितलं तर आतून दिसतच होता. पुन्हा खोडला. शाई पसरली, कागद फाटला, मागच्या पानापर्यंत डाग गेला. मग सुचलं की आता हीच खूण झाली, सगळ्या हॉलमध्ये असा डाग दुसऱ्या कोणाच्या पेपरवर नसणार. घड्याळाकडे बघितलं तर पंचवीस मिनिटं गेलेली. त्यानंतर मी पेन कागदाजवळ न्यायची आणि मागे घ्यायची; काय लिहिलं देव जाणे. मॅडम जवळून गेल्या की मी हाताने डाग झाकायची. बेंझिनच्या पुढचं सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं.

घरी आल्यावर सांगायला हवं होतं. पण अप्पांनी दारातच विचारलं, श्री घातलास ना? मी हो म्हटलं. खोटं तर नव्हतं.

आता पेपर उघडणार म्हणजे कोणीतरी तो डाग बघणार. केमिस्ट्रीचा बघितला की गणिताचाही काढतील, फिजिक्सचाही. त्यांवर तर श्री ठळक बसलेला. कोणीतरी सांगितलं होतं की एका मुलाला अशा खुणेसाठी दोन वर्षं परीक्षेला बसू दिलं नव्हतं. खरं-खोटं मला माहीत नाही, पण मला ते पाठ होतं. एकशे शहात्तर तरी हातात होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाशी म्हणत राहिले.

अर्जाला तीन दिवस होते. पहिल्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत गेले, बाहेरच्या झाडाखाली अर्धा तास उभी राहिले आणि घरी येऊन सांगितलं की ऑफिसातल्या सरोजा मॅडम रजेवर आहेत. आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. तिला वाटलं मला कॉलेजचंच दुःख झालंय. तिने इडल्यांवर तूप जास्त घातलं आणि ते बघून मला आणखीच रडू आलं.

तिसऱ्या दिवशी अप्पांनी सकाळचे दोन शिकाऊ रद्द केले आणि लाल एल लावलेल्या गाडीतून मला शाळेत नेलं. सरोजा मॅडम समोरच बसलेल्या. अप्पांनी रजेचं विचारलं तर, कालही इथेच होते की, म्हणाल्या. अप्पांनी ऐकलं. त्यांचा पाय दाबला गेला. अर्ज भरला, पैसे भरले. मॅडमनी पावती मला दिली तेव्हा ती हातातून दोनदा खाली पडली.

पुढचे नऊ दिवस मी फोन वाजला की उठून संडासात जायची. सांगायला लाज वाटते, पण असंच होतं. शाळेतून बोलावणं येईल, बोर्डातून माणूस येईल, साईप्रियाला चेन्नईत जागा मिळेल आणि माझं नाव नोटीस बोर्डावर दुसऱ्याच कारणासाठी लागेल. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार होती.

कॉपी आल्याचा मेसेज आला तेव्हा अप्पाच घरी होते. आम्ही कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेलो. अप्पांनी माझ्या शेजारी खुर्ची ओढली, अगदी गाडीत बसतात तशी डाव्या बाजूला. मी नंबर घातला. तीनदा चुकला.

पहिलं पान उघडलं आणि डाग आला. पडद्यावर तो कागदावर होता त्याहून मोठा दिसत होता, मधोमध काळा, कडेला फाटलेला. मी डोळे मिटले. मी डोळे उघडले तर ते पुढची पानं बघत होते, खिशातल्या पेनाने हातावर मार्क मांडत. डागाजवळ तपासणाऱ्याने काहीही लिहिलं नव्हतं. गोल नाही, प्रश्नचिन्ह नाही, काही नाही. त्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नसावं. त्याने फक्त उत्तरं तपासली होती, आणि उत्तरं अर्धवट होती. दोन पानं कोरी होती. अप्पांनी बेरीज दोनदा केली. लेखीचे सत्तरपैकी एकतीस, प्रॅक्टिकलचे आणि शाळेचे मिळून तीस. एकसष्ट. कुठेही चूक नव्हती.

मग अप्पांनी पहिल्या पानावर परत नेलं.

"हे काय आहे?"

"श्री होता," मी म्हटलं. "मी खोडला."

मग सगळं सांगितलं. मॅडमच्या सूचना, पंचवीस मिनिटं, झाडाखालचा अर्धा तास. सांगताना मी पडद्याकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. सेंटरवाला कोणाचा तरी आधार प्रिंट करत होता, त्या आवाजात मला बरं वाटलं. अप्पांनी एवढंच विचारलं की गणिताच्या पेपरवर, फिजिक्सच्या पेपरवर श्री तसाच राहिला का. मी म्हटलं, हो. अठ्ठ्याण्णव आणि पंच्याण्णव, ते हळूच म्हणाले.

"बोर्डाला भ्यालीस, ते कळलं. मला का नाही सांगितलंस?"

मला खरं उत्तर माहीत होतं आणि ते बोलायचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती. "तुम्ही म्हणाला होतात, श्री घातला की भ्यायचं नाही. मी तर श्रीलाच भ्याले. ते तुम्हाला कसं सांगणार?"

त्यांचा पाय फरशीवर दाबला गेला आणि तसाच राहिला.

फेरमोजणीचा अर्ज आम्ही घातला नाही. घालण्यासारखं काही नव्हतंच. त्याच बैठकीत एकशे शहात्तरला काय मिळेल त्याची यादी काढली आणि कौन्सेलिंगच्या, म्हणजे कॉलेजवाटपाच्या, फॉर्मात मी चेन्नईचं नाव न घालता जवळची तीन कॉलेजं घातली. पहिलं घरापासून एका बसच्या अंतरावर. बटण दाबताना वाटलं, एवढ्यासाठी मी बारा वर्षं अभ्यास केला.

घरी आईने विचारलं. अप्पा म्हणाले, मोजणी बरोबर आहे. बाकी तिला नंतर सांगेन, असं मला हळूच म्हणाले, आणि रोजच्यासारखे दुसऱ्या दिवशीची हजेरी कार्डं घेऊन टेबलापाशी बसले. आठ कार्डं होती. वरचं कार्ड सरळ केलं, पेन उघडलं, टोक कागदाजवळ नेलं. आणि हात थांबला. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. त्यांनी पेन मागे घेतलं, पुन्हा नेलं, पुन्हा मागे घेतलं. परीक्षेच्या हॉलमध्ये माझा हात असाच झाला होता, मी तो कुठेही ओळखला असता. माझे अप्पा, शिकाऊ माणसाच्या हातात गाडी देऊन शेजारी पान चघळत बसणारे, एका अक्षराला घाबरले होते. आणि ती भीती त्यांना माझ्यामुळे लागली होती.

चेन्नई गेली तेव्हा मी इतकी घाबरले नव्हते.

मी जाऊन त्यांच्या हातातून पेन घेतलं. पहिल्या कार्डावर, वर मधोमध, श्री काढला. खालचा गोल तिरका झाला, वेलांटी भलतीकडेच गेली. मी अप्पांकडे बघितलं.

त्यांनी ते कार्ड बराच वेळ बघितलं, बाजूला ठेवलं आणि दुसरं माझ्यासमोर सरकवलं.

"चालेल," म्हणाले. "अजून सात आहेत."