नाव घे, सांडू

सातवेशी हे गाव जालना जिल्ह्यात नाही, कुठल्याच जिल्ह्यात नाही. ते टेलिग्रामवर आहे आणि त्याचा कारभारी मी आहे. एरवी मी हरिओम, आष्टीला बसस्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक नसलं की मी सातवेशीत असतो.

हा लिहून खेळायचा खेळ आहे. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याला नाव द्यायचं आणि ते पात्र काय बोललं, काय केलं ते ग्रुपवर लिहायचं. मग दुसरा त्यावर आपल्या पात्राचं लिहितो. कुणी सराफ आहे, कुणी चेटकीण आहे, एक जण तीन महिने नुसतं विहिरीचं पाणी शेंदतोय आणि त्यातच खूश आहे. चित्र नाही, आवाज नाही, जिंकणं-हरणं नाही. माझी बायको सुरेखा याला रिकामटेकडेपणा म्हणते. मी तिच्याशी वाद घालत नाही.

पहिल्या आठवड्यात नियम नव्हते. लोक शहाणे असतात असा माझा समज होता. एका पठ्ठ्यानं सकाळच्या चहाला धनुष्य उचललं आणि जेवणाच्या आत चौदा माणसं मारून ठेवली. ते चौदाही जण माझ्यावर धावून आले. तेव्हा मी नियम लिहायला बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याची गोडी लागली. आपल्या पात्राचे हातपाय आपण हलवायचे, दुसऱ्याचे नाही. न विचारता कुणाचा जीव घ्यायचा नाही. खेळाबाहेरचं बोलायचं असेल तर आधी दोन तिरप्या रेघा द्यायच्या. एकदा घेतलेलं नाव बदलायचं नाही, कारण लोक चोरी करून नाव बदलायचे आणि नव्या नावानं साळसूदपणे फिरायचे. आणि सगळ्यात वरचा नियम असा की पात्रामागचा खरा माणूस कोण, कुठला, बाई की पुरुष, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. तो माझ्या मामेबहिणीनं, तृप्तीनं घालायला लावला. ती जालन्याला कॉलेजात आहे आणि माझ्याबरोबर ग्रुप सांभाळते. आडनाव कळलं की आपले लोक पुढचा प्रश्न कोणता विचारतात हे तिला चांगलं ठाऊक आहे.

गावाला वेशी सात, पण पहारेकरी एकच मिळाला, म्हणून सहा वेशी मी बंद करून टाकल्या. सातवीवर सांडू. "कोण हाय रे तिकडं? थांब बिलकुल! टोपलीत काय हाय ते दाखव आधी," असं तो लिहायचा आणि पुण्या-नाशिकची इंजिनिअर पोरं मुकाट्यानं टोपली दाखवायची. प्रधानाला तो 'ए प्रधान' म्हणायचा. राणीची पालखी त्यानं ऊन डोक्यावर येईस्तोवर उभी केली होती, कारण भोयांपैकी एकाचा चेहरा त्याला पटला नव्हता. लोक त्याच्याशी कडाकडा भांडायचे आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम भांडायला परत यायचे. बोलण्यावरून तो भोकरदनकडचा, धावड्याच्या आसपासचा असावा असा माझा अंदाज होता. एखादा निवृत्त फौजदार, झुपकेदार मिशांचा, असं चित्र मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

वेशीचा नियमसुद्धा त्यानंच सुचवलेला. गावात कोण आहे आणि बाहेर कोण यावरून रोज कटकट व्हायची. सांडू म्हणाला, "मी ज्याचं नाव पुकारीन तो आत. बाकी समदे भाईर." मला ते इतकं पटलं की मी त्याच दिवशी ठळक अक्षरात वर चिकटवलं: पहारेकऱ्यानं नाव पुकारल्याशिवाय प्रवेश नाही.

एकदा मी त्याला खासगीत लिहिलं की चार दिवस सुट्टी घ्या, तोवर वेस बंद ठेवू. त्याचं उत्तर आलं, "न्हाई कारभारी. इथं मी ओरडलो की मोठमोठे लोक गप उभे राहतात. वाद घालतात, पण उभे राहतात. हे मला दुसरीकडं कुठं भेटंना." मी मनातल्या मनात फौजदारसाहेबांना सलाम केला आणि पुन्हा सुट्टीचा विषय काढला नाही.

फेब्रुवारीत एक नवा सदस्य आला. गाढवावर औषधाच्या पेट्या लादून तो वेशीपाशी उभा राहिला आणि त्यानं रीतसर लिहिलं, "मी वैद्य अंगद. मला आत येऊ द्या."

सांडूनं एकेक पेटी उघडून बघितली. मग त्यानं लिहिलं, "वैद्यबुवा आलेत. येऊ द्या त्यांना."

तृप्तीनं लगेच टोकलं: // नाव पुकारा.

"एक वैद्य आलेत. संगं गाढव बी हाय. जाऊ द्या."

// गाढवाचं राहू द्या. वैद्याचं नाव.

"लांबून आलेत. दमलेत."

प्रधानाला 'ए' म्हणणारा माणूस एका गाढववाल्याला अहो-जाहो करत होता. ग्रुपला चेव आला. कुणी म्हणालं, सांडूची तंतरली. कुणी म्हणालं, सांडूला मूळव्याध असणार, म्हणून वैद्याचा एवढा मान. दुसऱ्या दिवशी तर सगळ्यांनी एकच घोष लावला: नाव घे, सांडू, नाव घे! विहिरीवरच्या माणसानंसुद्धा पोहरा खाली ठेवून तेच लिहिलं.  बाकीच्यांची नावं सांडू खणखणीत पुकारत होता, फक्त अंगद सोडून.

तिसऱ्या दिवशी त्याचा मला खासगीत मेसेज आला. "कारभारी, त्यांना दुसरं नाव घेता येईन का?"

मी नियम दाखवला.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही. अडचण काय आहे?"

"अडचण काही न्हाई. मंग माझ्या जागी दुसरं कुणी तेवढं एक नाव पुकारीन का?"

"मग पहारेकरी तुम्ही कशाला?" असं मी लिहिलं. माझ्या दुकानात त्या दिवशी सर्व्हर बंद होता आणि मी कातावलो होतो. पण ते कारण झालं, सबब नव्हे. 

संध्याकाळी तृप्तीचा फोन आला. "दादा, तू सांडूचे लाड करून राह्यला. तो अंगद तीन दिवसांपासून गाढव धरून उभा हाय. त्याच्यासंगं आणखी पाच जण ग्रुप सोडून जायच्या तयारीत हायेत. नियम सगळ्याला बराबर पायजे का न्हाई?"

"पायजे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? नियम लिहिणारा मीच.

तिनं ग्रुपवर टाकलं: // सांडू, उद्या संध्याकाळी सहापर्यंत वैद्याचं नाव पुकारा. नाही तर तुम्हाला ग्रुपमधून काढावं लागेल. मी त्याखाली अंगठा दिला. सांडू गेला तर खेळात राम उरणार नाही हे मला कळत होतं. तरी आपण कुणाची भीडभाड ठेवली नाही, याचं एक समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात दोघी बायका आल्या, साखराबाई आणि तिची शेजारीण कांताबाई. साखराबाईचा कसलासा फॉर्म होता. नाव झालं, जन्मतारीख अंदाजे झाली, गाव झालं. मी विचारलं, "मालकाचं नाव?"

साखराबाईनं पदर तोंडाला लावला आणि कांताबाईला कोपर मारलं. "सांग गं."

"मला काय माहीत?" कांताबाई मुद्दाम म्हणाली.

"सांग की! टाइम चाललाय त्यांचा."

"लिहा, रामप्रसाद," कांताबाई हसत म्हणाली. "मागं बँकेत गेल्तो तव्हाबी मलाच सांगावं लागलं. ही ह्या जन्मात नाव न्हाई घ्यायची."

मी 'राम' टाइप केलं आणि माझी बोटं थांबली. हे मी रोज बघतो. दिवसाला दोन-तीन बायका तरी याच रकान्यापाशी अडतात. कुणी आधार कार्ड पुढं सरकवते, कुणी पोराला बोलायला लावते. माझी स्वतःची आई, सोनूबाई, पन्नास वर्षं 'अहो, ऐकलं का'वर भागवते आहे. आणि 'नाव घे, नाव घे' हा गलका मी कुठं ऐकला होता? ज्या ज्या लग्नाला गेलो त्या प्रत्येक लग्नात.

फौजदाराच्या मिशा तिथंच गळून पडल्या. ती बाई होती. कुठल्या तरी अंगदची बायको होती आणि मी तिला सहापर्यंतची मुदत दिली होती.

बायका गेल्या तेव्हा तीन वाजले होते. मी फोन उचलला. एक ओळ पुरेशी होती: मुदत रद्द, वैद्याला मी आत घेतो. पण तृप्ती कारण विचारणार. कारण सांगावं तर सगळ्यात वरचा नियम मीच मोडणार. न सांगावं तर माझा शब्द मीच फिरवल्यासारखं होणार, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त झोंबत होतं. मी ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. तेवढ्यात एक मास्तर पेनड्राइव्ह घेऊन आले, चाळीस पानं छापायची म्हणून. म्हटलं, सहाला अजून अवकाश आहे.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. सांडूनं लिहिलं होतं:

// इतरांची नावं पुकारून कोरडा पडला घसा,
अंगदरावांचं नाव घेते, वैद्यबुवा, आत येऊन बसा.

'घेते' हे मी दोनदा वाचलं. मास्तर विचारत होते की पानं पाठपोट निघतील का. मी हो म्हणालो आणि चाळीसच्या चाळीस एकाच बाजूनं छापली.

ग्रुपवर मग जो पूर आला! टाळ्या, फुलं, हात जोडलेले. 'वा काकू!' 'काकू, कमाल!' वय कुणी विचारलं नव्हतं, पण ते परस्पर ठरून गेलं. वैद्यानं लिहिलं: // माफ करा काकू, मला खरंच कल्पना नव्हती. मी नाव बदलतो. तृप्तीनं मला न विचारता लगेच परवानगी दिली. ज्याला मी बिलकुल नाही म्हणालो होतो, ते दोन मिनिटांत झालं आणि आकाश काही कोसळलं नाही. मीही लिहिलं: // सांडू आपल्या वेशीवरच राहतील. सगळ्यांना आनंद झाला. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर सराफ आला. सांडूनं नेहमीसारखी आरोळी ठोकली, "कोण हाय रे तिकडं? थांब बिलकुल!"

"नमस्कार काकू," सराफानं लिहिलं. "टोपली बघून घ्या. आणि उन्हात फार वेळ उभ्या राहू नका."

प्रधान आला. सांडूनं त्याला 'ए प्रधान' म्हटलं तर तो म्हणाला, "काकूंचा आशीर्वाद असू द्या." राणीनं पालखीतून उतरून वाकून नमस्कार केला. चेटकिणीनं तिळगूळ दिला. विहिरीवरच्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. एकानं तर बहिणीच्या लग्नासाठी चार उखाणे मागितले, तेही दोन तिरप्या रेघा न देता. कुणी वाईट वागलं असं मला म्हणता येणार नाही. एकजात सगळे चांगले वागले. सांडूनं पाचव्या दिवशी कारण नसताना सराफाला दिवसभर अडवून धरलं, वाटेल ते सुनावलं, त्याच्या टोपलीला लाथ मारली. पूर्वीचा सराफ असता तर गाव डोक्यावर घेतलं असतं. आताच्या सराफानं लिहिलं, "काकूंचं काही चुकत नाही. माझंच चुकलं असेल."

मला हे दिसत होतं. 'सांडूला सांडूच म्हणा' असा नियम लिहायला मी बसलोही होतो, पण प्रेमानं बोलू नका असं कुठल्या शब्दांत लिहायचं ते मला सुचलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी दुकान उघडताना बघितलं, तर सांडू ग्रुपमधून निघून गेला होता. जाताना काही लिहिलेलं नव्हतं. मी काउंटरपाशी तसाच उभा राहिलो. मला वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. तीनला जे कळलं ते मी तीनलाच लिहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मी तिला खासगीत हे सगळं लिहिलं. मला आधी कळलं होतं, मी उशीर केला, माझी चूक झाली, असं सरळ लिहिलं. परत या म्हटलं. दुसरं पात्र घ्या, नवं नाव घ्या, मी कुणाला सांगणार नाही.

दुपारी उत्तर आलं.

"कारभारी, तुमच्यावर राग न्हाई. दुसरं नाव घेतलं तरी बोलणं माझंच ऱ्हाईन, लगेच ओळखतेन. पोरं लय गुणी हायेत, लय मानानं बोलतात. पण काकू तर मला घरीदारी समदेच म्हणतात. त्याच्यासाठी मोबाईल कशाला पायजे?"