चांदीचा ओघळ

मी नांदेडच्या एका प्रयोगशाळेतली चकती बोलतेय. चिनी मातीच्या दूरच्या नात्यातली, नाण्याएवढी, फिकट पिवळी. जाळ न करता इंधनातून वीज काढणाऱ्या घटात माझी जागा अगदी मधली. तापले की ऑक्सिजनचे कण मी अंगातून पलीकडे जाऊ देते. वीज मात्र आत शिरू देत नाही. तिनं बाहेरच्या तारेनं जायचं. माझ्या जुन्या बहिणींना याला भयंकर आच लागते. मी कमी आचेवर हे करावं, म्हणून धम्मप्रियानं जिवाचं रान केलं.

तिनं भुकटी खलली, दाबली, भट्टीत भाजली. आधीच्या कित्येक चकत्या तडकल्या. मी अखंड निघाले तेव्हा मला खिडकीपाशी नेऊन ती एकटीच हसली. मग माझ्या दोन्ही बाजूंना चांदीचा लेप लावून तिनं तारा जोडल्या.

भट्टीत तापवून माझ्यातून कण किती सहज जातात ते मोजलं, तर आकडा असा आला की तिचे मार्गदर्शक वसंतराव सर चहा विसरले. लातूरच्या परिषदेत त्यांचं भाषण होतं, त्यांनी लगेच तिथं फोन करून निकाल कळवला. धम्मप्रियाची पीएच.डी. आता याच आकड्यावर उभी राहणार होती. सगळे माझं कौतुक करत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. चांदीचा एक बारीक ओघळ माझ्या कडेवरून खालपर्यंत उतरला होता. वीज त्याच्यावरून पळत होती, मी नुसतीच बसले होते. फुकटचं कौतुक फार बोचतं हो. सांगावं तर तोंड नाही.

भट्टी निवल्यावर धम्मप्रिया तारा काढायला आली आणि मीटर बघून थबकली. तिनं सरांना बोलावलं.

"सर, चकती गार हाय, तरी वीज जाऊन राहिली."

सर मीटरवर वाकले. "लातूरला सांगून बसलोय गं मी."

"पुन्हा मोजते, सर."

तिला ओघळ दिसला, तिनं माझी कड घासून तो काढला. मी तडकले असते तर सगळंच संपलं असतं. पुन्हा भट्टी पेटली. नवा आकडा पहिल्याच्या पासंगालाही पुरेना, पण आच वाढली तसा चढत गेला. चांदीचा आकडा आचेनं चढत नाही, माझा चढतो. धम्मप्रियाला रडू आलं. सरांनी भाषणातला जुना आकडा स्वतःच्या हातानं खोडला.

आता मी लातूरच्या सभागृहात, डबीत कापसावर आहे. लोक आकडा वाचून पुढच्या टेबलाकडे जातात. जाता जाता एकदा वाकून मला बघा, एवढंच मागणं. मघाशी एकानं विचारलंच, इतक्या खटाटोपातून एवढाच आकडा?

"हाव, एवढाच," धम्मप्रिया म्हणाली. "पण हिचा हाय."