तळ्यातली मरळ

आमच्या कंबोडियात, बात्तांबांगकडे लग्न झालं की जावई सासूच्या घरी राहतो. रीतच आहे. माझ्या चान्थोउचा नवरा लीहोर आला तो एक पिशवी आणि तोंडभर बढाया घेऊन. मी भात थोडा जास्त टाकायला लागले.

माझ्या शेतात औषधाचा थेंब पडत नाही. किड्यांना मासे खातात, माशांना आम्ही. उन्हाळ्यात खाचरं आटली की मासे कोपऱ्यातल्या खोल तळ्यात उतरतात. तिथं जाळं नाही, गळ नाही. पाणी चढलं की तेच मासे खाचरांत पसरतात, वाढतात, आणि त्यांनाच खारवून आमचा वर्षाचा प्रहोक रांजणात मुरतो. तळं मेलं तर रांजण रिकामा आणि भातावर किड्यांचं राज्य.

लीहोरच्या भावाचं लग्न निघालं.

"आई, पंगतीत मोठी मरळ आणतो म्हणून सगळ्यांना सांगून बसलोय. तळ्यातली एकच द्या."

"तिच्याजवळ पिल्लं आहेत. बाजारातली घे."

"बाजारातली नेली तर हसतील मला."

"हसू देत. दात कशाला दिलेत त्यांना?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी गवती चहा नि हळद कुटत होते. तळ्याकडे टिटवी ओरडायला लागली ती थांबेचना. मुसळ घेऊन तशीच गेले. लीहोर गुडघाभर पाण्यात, पाठीवर बॅटरी, हातात तारेची काठी. चोर असे विजेचा झटका देऊन मासे मारतात. बेडूक, वाम पोटं वर करून तरंगत होते.

"बाहेर नीघ, मुडद्या!"

"झालंच आई! ही बघा, आली!"

मरळ पिल्लांच्या लाल घोळक्याखाली होती. पळाली असती तर वाचली असती. पण पिल्लं टाकून मरळ पळत नाही. ती सरळ त्याच्या नडगीवर धावून आली. घाबरून त्यानं काठी खुपसली, पाय चिखलात सटकला, आणि काठीसकट तो पाण्यात बसला.

मान मागे, दात कडकडताहेत, तोंडातून रक्त. काठीची कळ मुठीत दाबलेली, आणि मूठ सुटेना.

हात लावला असता तर मीही गेले असते. मुसळ लाकडाचं होतं. काठावरून त्याच्या मनगटावर हाणलं. सुटेना. मग दोन्ही हातांनी हाणलं. ऊस मोडावा तसं हाड मोडलं आणि काठी सुटली.

केसाला धरून बाहेर ओढला. श्वास चालू आहे हे बघितलं आणि पाठीत आणखी एक घातला.

चान्थोउ किंचाळत आली. "आई, मरेल तो!"

"मरत होता, मी मरू दिला नाही. आता मारायचा हक्क माझा."

मरळ मात्र मेली होती.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. मी मुसळ धुतलं, मसाला कुटून संपवला, चिंचेचा पाला घालून मरळीचं आंबट सार केलं. मारलेला मासा टाकायची आमच्यात रीत नाही.

"मला नको, आई."

"लग्नातली मरळ ना ही? खा. काटे काढून देते."

उजवा हात गळ्यात अडकवलेला, म्हणून मीच चमच्यानं भरवलं. चावून फाटलेल्या जिभेला चिंच झोंबत होती. तो रडत होता. मी वाडगा संपेपर्यंत थांबले नाही.

सकाळी पिल्लं पाण्यावर तशीच घोळक्यानं फिरत होती. राखायला नरही कुठं दिसेना. बगळे उतरायला लागले.

"यांची आई तू खाल्लीस," मी म्हटलं. "आता राखण तुझी."

लग्नाच्या दिवशी पलीकडच्या गावातनं वाजंत्री ऐकू आली.

"जाऊन येऊ का, आई?"

"जा की. बगळ्यांना सांगून जा."

तो बांधावरच बसला. दुपारी एक बगळा घोळक्यात चोच घालून गेला. लीहोरनं डाव्या हातानं ढेकूळ मारलं, ते भलतीकडेच गेलं. मग तो शिव्या देत पाण्यात उतरला आणि पिल्लांच्या मधोमध उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं, पायाखाली तोच चिखल.

चान्थोउ त्याला जेवायला हाक मारणार होती. मी तिला थांबवलं, आणि त्याचा भात झाकून ठेवला.