निखाऱ्यावर तापलेलं धनुष्य

मित्रांनो, मी लाकडाचं एक जुनं धनुष्य. दोरी उतरवली की आजही सरळ उभा राहतो, आणि याचा मला गर्व आहे. याचं श्रेय एका नणंद-भावजयीच्या जोडीला.

भावजय धनुष्यं घडवायची, नणंद ती चालवायची. एकाच ओंडक्यातून आम्ही दोघे भाऊ निघालो. ओढून ओढून लाकडाला कायमचा बाक येऊ नये, म्हणून धनुष्याचं पोट, म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, निखाऱ्यांवर तापवतात. त्याने लाकूड कणखर होतं, पण कोरडं ठणठणीतही होतं. हवेतला ओलावा पुन्हा अंगात मुरेपर्यंत त्याला वाकवायचं नसतं. नणंदेला कुठला धीर! तिने दुसऱ्याच दिवशी माझ्या भावाला दोरी चढवली. तो काडकन मोडला आणि त्याची ढलपी तिच्या भुवईत घुसली.

लाकडी धनुष्यांची स्पर्धा तोंडावर आली होती आणि घरात आता मी एकटाच उरलो होतो. भावजयीने मला वीत वीत सरकवत तापवलं. ओठ असते तर मी चावले असते. पोटाला भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग आला, तेव्हा कुठे सुटका झाली. मग ती रोज सकाळी मला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवू लागली. वजन वाढतंय तोवर ओलावा मुरतोय, वाढायचं थांबलं की धनुष्य तयार, असा तिचा साधा हिशेब.

नणंद भुवईवर पट्टी बांधून काट्याशी येऊन उभी राही. घाईची खोड काही गेली नव्हती. स्पर्धेच्या सकाळी भावजयीने मला तिच्याच हातात दिलं.

"तूच तोल आणि तूच ठरव. मी मध्ये पडणार नाही."

काटा कालच्यापेक्षा केसभर पुढे गेला. मला तर जायचंच होतं, तिच्यासाठी मोडायचीही तयारी होती. तिने बराच वेळ काट्याकडे पाहिलं आणि मला परत खुंटीला टांगलं. मग ती रिकाम्या हातांनी स्पर्धेला गेली आणि दिवसभर दुसऱ्यांचे बाण वेचून आली. डोळे लाल झाले होते.

पुढे एकदाचा काटा जागचा हलेना. अंगणात तिने मला दोरी चढवली.

"वहिनी, लांब हो. मोडलं तर तुलाही लागेल."

"मी घडवलंय ते," भावजय म्हणाली आणि तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

नणंदेने दोरी गालापर्यंत ओढली. मी अंगातलं सगळं बळ एकवटून वाकलो, साधा करकरलोही नाही. बाण निशाणाच्या पार कडेला लागला, तरी दोघी हसत सुटल्या.

त्यानंतर मी कितीतरी स्पर्धा पाहिल्या. आता नवी मुलं मला नेतात आणि कधीकधी दोरी चढवलेली तशीच विसरून जातात. मित्रांनो, तेवढं करू नका. काम झालं की दोरी उतरवा, बाण न लावता ती ओढून सोडू नका. आणि नुकतंच आगीतून निघालेलं लाकूड हाती आलं, तर त्याला मुरायला वेळ द्या. मग हवं तेवढं वाकवा, आम्ही मोडणार नाही.