हललेला आचारी

माझ्या धाकट्या जावेला लोकांना बघायला खुल्या केलेल्या जुन्या सरकारी बंगल्यात गाइडची नोकरी मीच लावून दिली. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते हेच.

मी तिथली जुनी गाइड. कुठला बडा साहेब कधी राहिला, कुठलं झुंबर कुठून आलं, सगळं तोंडपाठ. पण माझ्याबरोबरचे पाहुणे जांभया द्यायचे आणि शेजारच्या खोलीत तिच्याभोवती हशा पिकायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता बंगल्यातल्या जुन्या फोटोंचं नवं दालन उघडणार होतं आणि ते आम्हा दोघींपैकी एकीकडेच जाणार होतं. ते मला हवं होतं. त्याहून जास्त, ते तिला मिळायला नको होतं. आमच्या साहेबांनी चार पाहुण्यांसमोर दोघींना एकाच फोटोपुढे उभं केलं आणि म्हणाले, "सांगा."

फोटो नोकरमंडळींचा. मागच्या अंगणात सगळे रांगेत ताठ उभे; टोकाच्या आचाऱ्याचा चेहरा मात्र पार पुसट.

मी सांगितलं, त्या काळी कॅमेऱ्यापुढे बराच वेळ निश्चल उभं राहावं लागे. आचारी हलला, म्हणून पुसट आला. झालं. यापुढे सांगण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

जाऊ फोटोजवळ सरकली. "हलायचं नाही म्हणून सगळ्यांना दम दिला असणार. मग हाच का हलला? अहो, याचं दूध उतू चाललं होतं!"

पाहुणे खो खो हसले.

"पुरावा काय?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"पुरावा कुठला असायला, ताई? पण हे बघा, धुराड्यातून धूर निघतोय. म्हणजे चूल पेटलेली. आणि याचे पाय बघा, स्वयंपाकघराकडे वळलेत."

इतकी वर्षं मी रोज तो फोटो दाखवत होते. धूर मला दिसला नव्हता.

"आणि ही बाई कुठे बघतेय?" एकाने विचारलं. रांगेतली एक मोलकरीण कॅमेरा सोडून आचाऱ्याकडे डोळे वटारून बघत होती.

"ती म्हणतेय, मी जराही हलले नाही, तरी लोक बघणार याच्याकडेच!"

पुन्हा हशा. साहेबसुद्धा हसले. टोमणा मलाच होता अशी माझी खात्री झाली. पण तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

दालन तिला मिळालं. उद्घाटनाच्या दिवशी आम्हा सगळ्या कर्मचाऱ्यांचा फोटो काढून, मोठा करून, दाराशी लावला. मी तो पाहिला. सगळे समोर बघताहेत. मी तेवढी शेजारी, जावेकडे, डोळे वटारून.

दुसऱ्याच दिवशी एका पाहुणीने तिला विचारलं, "या कोण? तुमच्याकडे अशा का बघताहेत?"

मी खांबाआड उभी होते. आता ही सांगणार. हिला तर धूरसुद्धा दिसतो.

"त्या माझ्या थोरल्या जाऊबाई," ती म्हणाली. "त्यांनीच मला इथे आणलं. माझा बिल्ला वाकडा झाला होता ना, डोळ्यांनीच सांगत होत्या, सरळ कर म्हणून."

पाहुणी हसून पुढे गेली. मेलीला खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं.

सगळे गेल्यावर मी फोटोजवळ जाऊन पाहिलं. बिल्ला सरळच होता.